हे सगळं कशासाठी? : वाचकांचे प्रश्न, समुपदेशकांची उत्तरं

‘जगण्याला अर्थ कशामुळे येतो’ या विषयावर प्रश्न पाठवा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेली बरीचशी पत्रं फिरून फिरून एकाच वाक्यावर येतात : ‘हे सगळं कशासाठी?’ एवढ्या मोठ्या प्रश्नाचं थेट उत्तर आमच्याकडे नाही, आणि ते आपल्याकडे आहे असं सांगणाऱ्यांपासून जरा जपूनच राहावं. मात्र या प्रश्नाचे तीन तुकडे केले, तर प्रत्येकावर काम करता येतं. माझ्या आयुष्यात जे घडलं त्याची मला संगती लागते का? पुढे जायला काही दिशा आहे का? आणि माझ्या असण्या-नसण्याने कुणाला फरक पडतो का? मानसशास्त्रातले अभ्यासक अलीकडे याच तीन अंगांनी विचार करतात. तिन्ही गोष्टी एकदम क्वचितच हरवतात. बहुतेकदा एकच हरवलेली असते आणि घरचे भलत्याच गोष्टीवर उपाय करत बसतात. पत्रं थोडी संक्षिप्त करून, ओळख पुसून छापत आहोत.

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त होऊन आठ महिने झाले. पेन्शन वेळेवर येते, तब्येत ठीक आहे, मुलगी सासरी सुखात आहे. पण सकाळचा पेपर वाचून झाला की पुढचा दिवस अंगावर येतो. ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन पाहिलं, तिथे ब्लडप्रेशर आणि राजकारण याशिवाय विषय नाही. बायको म्हणते, आयुष्यभर राबलात, आता आराम करा. मला आरामाचाच कंटाळा आलाय. – निवृत्त अधिकारी, सांगली

तुमची तक्रार पैशाची नाही, नात्यांचीही नाही. हरवलीय ती दिशा, आणि तिच्याबरोबर दिवसाची घडी. १९३०च्या सुमारास व्हिएन्नाजवळच्या मारिएन्थाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल यांनी त्या गावाचा बारकाईने अभ्यास केला. लोकांच्या हाताशी वेळच वेळ होता, तरी गावच्या ग्रंथालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. रस्त्याने जाताना पुरुष पावलोपावली थांबू लागले. दिवसभरात काय केलं ते तक्त्यात लिहायला सांगितलं, तर सकाळ आणि दुपार यांच्या मधल्या रकान्यात त्यांना काही सुचेना. बायकांचं तसं झालं नाही, कारण त्यांचं घरकाम कुणी बंद केलं नव्हतं. नोकरी पगाराखेरीज आणखी पाच गोष्टी देते, असं याहोडा यांनी पुढे मांडलं : वेळेचं बंधन, घराबाहेरच्या माणसांचा सहवास, चारचौघांचं मिळून एक उद्दिष्ट, समाजातली ओळख आणि नेमाने हात चालू राहणं. बँकेने निरोप समारंभात शाल-श्रीफळ दिलं आणि या पाचही गोष्टी त्याच संध्याकाळी काढून घेतल्या. पेन्शन फक्त पगाराची जागा भरते.

तेव्हा आधी ‘मला काय आवडतं’ याचा विचार करत बसू नका. त्यातून छंदांची यादी निघते आणि यादी टेबलावरच राहते. एक शंभर पानी वही घ्या. पानावर चार रकाने आखा : वेळ, काय केलं, किती बरं वाटलं (० ते १०), कुणाच्या किती उपयोगी पडलं (० ते १०). सलग चौदा दिवस, दर दोन तासांनी एक ओळ लिहा. रात्री एकदम लिहायला बसलात तर सगळा दिवस सपाट दिसतो आणि ‘विशेष काही नाही’ एवढंच लिहून होतं, म्हणून दोन तासांचा नेम. आणखी दोन ठिकाणी गाडी अडते. काही जण प्रत्येक ओळीला पाच गुण देतात, मग वहीतून काहीच निघत नाही. अशा वेळी पाच हा आकडा वापरायचाच नाही असं ठरवा, चार किंवा सहा द्या. दुसरं म्हणजे चौथ्या-पाचव्या दिवशी हा पोरखेळ वाटायला लागतो. तरी लिहा, कारण शनिवार-रविवार आणि घरी पाहुणे आलेला एखादा दिवस त्यात यायला हवा.

पंधराव्या दिवशी ज्या ओळीत शेवटचे दोन्ही आकडे सातच्या वर आहेत, तिथे लाल खूण करा. खुणा थोड्याच असतील आणि बहुधा क्षुल्लक वाटतील : शेजारच्या मुलाला शिष्यवृत्तीचा फॉर्म भरून दिला, ४० मिनिटं. नातेवाइकाच्या कर्जाच्या कागदपत्रांतली चूक काढून दिली, एक तास. त्यातली एकच गोष्ट निवडा आणि वाढवा. आठवड्यातून दोन वेळा, ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेली माणसं, असे आठ आठवडे. कसोटी एकच लावा : मी गेलो नाही, तर मला कुणाचा फोन येईल? कुणाचाच येणार नसेल, तर ते काम वेळ घालवायला बरं, पण तुमची गरज त्याने भागणार नाही.

तुमच्या हातात हिशेब आहे, म्हणून एक सुचवतो. महिला बचत गटांची पंचसूत्री असते : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अचूक लेखे. गट मोडकळीला येतो तो बरेचदा पाचव्या सूत्रावर, नोंदवही आणि पासबुक यांचा मेळ लागेनासा झाला की. महिन्यातल्या दोन बैठकांना जाऊन हा मेळ कसा घालायचा ते शिकवा. स्वतः घालून देऊ नका. तुम्ही वही हातात घेतलीत की तिसऱ्या महिन्यात तुम्ही गटाचे ‘साहेब’ होता, आणि तुम्ही आजारी पडलात की गट बसतो.

निवृत्त मंडळींना हमखास सुचणारं दुसरं काम म्हणजे अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक होणं. काम मोलाचं आहे, पण उत्साहाने गेलेल्या पदवीधरांना तिथे नकार मिळतो, कारण लेखनिकाचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी असावं अशी अट अनेक परीक्षांना असते. दहावीच्या मुलाला नववीतला लेखनिक चालतो, बी.कॉम. झालेले निवृत्त अधिकारी चालत नाहीत. हा नकार मनाला लावून घेऊ नका. त्याच मुलांना वर्षभर धडे वाचून दाखवणारा किंवा ध्वनिमुद्रित करून देणारा माणूस हवाच असतो, आणि त्याला शिक्षणाची अट नाही.

आणि जाता जाता : घर हे गेली तीस-पस्तीस वर्षं तुमच्या पत्नीचं कार्यालय आहे. तिथल्या फडताळांची फेररचना हाती घेऊ नका.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ, वय ३४. दोन महिन्यांपासून ‘जगण्यात काही राम नाही’ असं म्हणतो. पहाटे तीनला जाग येते, जेवण निम्म्यावर आलंय, मित्रांबरोबर क्रिकेट बंद. आम्ही त्याला प्रवचनांना नेलं, चांगली पुस्तकं दिली. तो म्हणतो, तुम्हाला कळत नाही, मला सत्य दिसलंय. त्याला कसं समजवावं? – मोठी बहीण, नाशिक

समजावणं आजपासून बंद करा. पहाटेची जाग, उडालेली भूक आणि आवडीचा खेळ सुटणं या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की आधी नैराश्याच्या आजाराचा विचार करायचा, तत्त्वज्ञानाचा नंतर. या आजाराची खोड अशी की तो विचारवंताच्या भाषेत बोलतो. ‘मी आजारी आहे’ असं न वाटता ‘मला खरं दिसायला लागलं’ असं वाटतं. वाद घालून तुम्ही जिंकणार नाही. उलट, मला इतकं समजावूनही पटत नाही म्हणजे दोष माझ्यातच, असा अर्थ तो काढेल.

मनोविकारतज्ज्ञांकडे जा. तारीख लांबची मिळत असेल तर तोवर नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे. ते बहुधा पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी घेतील. गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज दहा किंवा जास्त आली तर नीट तपासणी हवीच. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. तिथे शून्याखेरीज काहीही आलं, तर बाकीची बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं. हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी) आणि बी-१२ तपासून घ्या. थायरॉइड मंदावलं किंवा बी-१२ कमी झालं तरी माणूस असाच मलूल होतो.

हा प्रश्न तुम्हीही विचारा, आणि सरळ विचारा : ‘मरून जावं असं मनात येतं का रे?’ विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर दचकून ‘असं बोलू नकोस’ म्हणू नका, पुढचं विचारा : कसं करायचं ते ठरवलंय का? ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरातली कीटकनाशकं आणि साठवलेल्या गोळ्या बाहेर काढायच्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. टेलि-मानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं. जिवावर बेतलं असेल तर ११२.

औषध सुरू झालं तर पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता होऊ शकते, आणि फायदा दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. म्हणजे त्रास आधी, गुण नंतर. बहुतेक जण नेमक्या याच फटीत गोळ्या सोडतात. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी औषध चालू ठेवावं लागतं, आणि ते डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करायचं. तोवर राजीनामा, घटस्फोट, जमीन विकणं असले निर्णय पुढे ढकला. रोज ठरलेल्या वेळी दहा मिनिटं त्याच्याबरोबर चालायला जा, गप्पा मारल्याच पाहिजेत असं नाही. त्याची झोप आणि भूक ताळ्यावर आली आणि तरीही ‘कशासाठी जगायचं’ हा प्रश्न उरला, तर आम्हाला पुन्हा लिहा. पुष्कळांचा उरत नाही.

प्रश्न : हिंजवडीत सात वर्षं नोकरी करतोय. मी लिहिलेला कोड परदेशातल्या एका विमा कंपनीच्या पोटात कुठेतरी जातो, तो कोण वापरतं ते मला माहीत नाही. राजीनामा देऊन गडचिरोलीकडे काम करावं किंवा गावी शेती करावी असं वाटतं. घरचे वेड्यात काढतात. – वाचक, पुणे

तुम्ही वेडे नाही. पण तुमच्याच पत्रातलं एक वाक्य पुन्हा वाचा : ‘तो कोण वापरतं ते मला माहीत नाही’. दुखणं तिथे आहे. अमेरिकेत एमी झेस्नेव्हस्की आणि जेन डटन यांनी रुग्णालयातल्या सफाई कामगारांच्या कामाकडे पाहिलं. काम तेच, पगार तोच. काही जण ‘फरशी पुसतो’ एवढंच सांगत, तर काही जण आपण रुग्णांना बरं करण्याच्या कामात आहोत असं मानत. हे दुसरे लोक रुग्णांशी आणि नर्सशी मुद्दाम बोलत, कुणाला केव्हा मदत लागेल ते हेरून कामाची वेळ आणि पद्धत बदलत. २००१ मध्ये या दोघींनी मांडलं की माणूस आपल्या कामाचं स्वरूप, कामातली नाती आणि कामाकडे बघायची नजर, हे तिन्ही थोडं थोडं स्वतः घडवू शकतो.

म्हणून आधी वापरणारा माणूस शोधा. मॅनेजरकडे महिन्यातले दोन तास मागा आणि त्या वेळात ग्राहकांच्या तक्रारींची मूळ तिकिटं वाचा, जमलं तर एखाद्या सपोर्ट कॉलवर नुसते ऐकत बसा. तुमच्या मॉड्यूलमुळे कुणाचा तरी दावा अडकतो किंवा सुटतो, हे एकदा कानांनी ऐकलंत की काम तेच राहत नाही. टीममधल्या एका नवख्याला आठवड्यातून एक तास द्या. असं तीन महिने करून पाहा. तरी काही हललं नाही, तर तुमची शंका खरी धरायची.

त्यानंतरही राजीनामा नाही, रजा. दोन आठवड्यांची रजा काढून जिथे जायचं आहे तिथे राहा. बाबा आमट्यांच्या महारोगी सेवा समितीच्या, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ प्रकल्पावर दर उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी भरते, ती १९६७पासूनची. गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेचा ‘निर्माण’ हा उपक्रम तर याच प्रश्नाने पछाडलेल्या तरुणांसाठी आहे. संस्था कुठलीही असो, पाहुण्याच्या नजरेने फिरू नका. तिथलं सगळ्यात कंटाळवाणं काम मागून घ्या : अहवाल, जमाखर्च, औषधांच्या साठ्याची नोंद. सामाजिक संस्थेतला बराचसा दिवस यातच जातो. तो आवडला तर तुमचं पाऊल योग्य दिशेने पडतंय. नाही आवडला तर तुम्हाला संस्था हवी नव्हती, हिंजवडीचा ट्रॅफिक नको होता.

पैशाची बाजू थोडक्यात. बारा महिन्यांचा घरखर्च बाजूला हवा, अंगावर ईएमआय नको, आणि राजीनाम्याआधी स्वतःची आणि आईवडिलांची आरोग्य विमा पॉलिसी घेतलेली हवी. कंपनीच्या गट विम्याचं छत्र साधारणपणे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं. नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो, आणि साठी ओलांडलेल्या मधुमेही वडिलांचं अचानक काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. शेतीबद्दल एवढंच : तिच्यात अर्थ सापडेल की नाही हे माणसागणिक बदलतं, पण पाण्याची सोय न बघता उतरलात तर पहिल्याच वर्षी कर्ज मात्र नक्की सापडेल.

प्रश्न : वय ५७. दोन्ही मुलं परदेशात, मिस्टर अजून कामात. मी नोकरी केली नाही. आता कुणालाच माझी गरज नाही. मैत्रिणी म्हणतात, गाण्याचा क्लास लाव, भिशी लाव. मला छंद नकोय हो. मी इतकी वर्षं केलं काय, हे मला कळत नाहीये. – गृहिणी, डोंबिवली

ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत. ‘इतकी वर्षं केलं काय’ हा संगतीचा प्रश्न आहे आणि ‘कुणाला गरज नाही’ हा तिसरा, फरक पडण्याचा. मैत्रिणी मधल्या, दिशेच्या प्रश्नाला उत्तर देताहेत, म्हणून ते लागू पडत नाही.

पहिल्यासाठी लेखणी लागेल. लग्नापासून आजवरच्या काळाचे पाच ते सात भाग पाडा. त्यांना घटनांवरून नावं द्या, सालावरून नको. ‘चाळीतली वर्षं’, ‘सासूबाईंचं आजारपण आणि थोरल्याची दहावी’, ‘फ्लॅटचे हप्ते’ अशी. प्रत्येक भागासाठी अर्धं पान आणि तीनच प्रश्न : काय घडलं, निर्णय कुणी घेतला, आणि मी नसते तर काय वेगळं झालं असतं. तिसऱ्या प्रश्नावर हात अडखळतो. ‘कुणीही केलंच असतं’ असं लिहावंसं वाटतं. तसं लिहायला बंदी. सासूबाईंची औषधं कोण देत होतं, हप्त्यासाठी कुठला खर्च कुणी कापला, मुलाला शाखा बदलायला कोण हो म्हणालं, हे नावानिशी लिहा. आठवड्याला एक भाग पुरे. एका बैठकीत सगळं लिहायला गेलात तर त्याची तक्रारींची वही होते. तक्रारी खऱ्याच असतील, त्यांच्यासाठी मागची चार पानं वेगळी राखा. मिस्टरांना हे वाचायला द्यायचं की नाही, ते लिहून झाल्यावर ठरवा.

दुसरा प्रश्न मुलांच्या फोनचा आहे. ‘जेवलास का, थंडी किती आहे’ या फोनमध्ये तुमची गरज निर्माण होत नाही. त्यांना अडणारी आणि तुम्हालाच येणारी एखादी गोष्ट धरा. साधं उदाहरण पुरणाचं. ‘अंदाजे गूळ’ आणि ‘शिजेपर्यंत’ यावर परदेशातल्या मुलीचं पुरण हमखास सैल होतं. तुमची वाटी तिच्याकडे नाही, आणि डाळ शिजवल्यावर तिने पाणी पुरतं निथळलेलं नसतं. एकदा स्वयंपाकघरात वजनकाटा आणा. तुमच्या हाताचं एक पुरण काट्यावर करा : डाळ किती ग्रॅम, गूळ किती, कट काढल्यावर शिजलेल्या डाळीचं वजन किती, आटवायला किती मिनिटं, आणि पुरणात डाव उभा राहिला की गॅस बंद. हे लिहून पाठवा आणि मग व्हिडिओ कॉलवर तिला करू द्या, तुम्ही फक्त बघा. घरातल्या अशा वीस-पंचवीस गोष्टी तुमच्या हातात असतील. त्या कुठेही लिहिलेल्या नाहीत.

शेवटचं, जरा अप्रिय. मुलांना रोजच्या रोज तुमची गरज भासत नाही, हे तुमच्या कामाचं फळ आहे. पण ते फळ असलं तरी दुखतं, आणि त्याचं दुःख करायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न : वडील ७९ वर्षांचे, फुप्फुसाचा कर्करोग. आता घरीच ठेवा असं डॉक्टरांनी सांगितलंय. ते आयुष्यभर मराठी शाळेत शिक्षक होते. हल्ली म्हणतात, मी आता ओझं, माझा काय उपयोग. आम्ही ‘असं म्हणू नका बाबा’ म्हणून विषय बदलतो. काय बोलावं? – मुलगी, कोल्हापूर

विषय बदलू नका, इतकं तर आजच करता येईल. ‘असं का वाटतं बाबा?’ म्हणा आणि गप्प बसा.

त्यापुढे एक पद्धत आहे. कॅनडातले मनोविकारतज्ज्ञ हार्वे चोचिनोव यांनी आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी ती बसवली. रुग्णाला त्याच्या आयुष्याबद्दल ठरावीक प्रश्न विचारायचे, बोलणं ध्वनिमुद्रित करायचं, शब्दन् शब्द उतरवून नीट करायचं, रुग्णाला वाचून दाखवायचं आणि त्याच्या इच्छेने घरच्यांच्या हाती ठेवायचं. मूळ पद्धतीत हे प्रशिक्षित माणूस करतो. जवळ उपशामक सेवा (पॅलिएटिव्ह केअर) केंद्र असेल तर तिथे आधी विचारा. नसेल तर घरच्या घरीही त्याचं साधं रूप करता येतं.

आधी दुखणं आटोक्यात हवं. वेदना दहापैकी सात-आठ असताना कुणाच्याच आयुष्याला अर्थ वाटत नाही. ‘घरी ठेवा’ याचा अर्थ वेदनांवरचे उपचार बंद, असा होत नाही. डॉक्टरांकडून औषधं नीट बसवून घ्या आणि तोंडाने घ्यायच्या वेदनाशामक औषधानंतर साधारण तासाभराने बोलायला बसा. धाप लागत असेल तर पंधरा-वीस मिनिटं बस. मूळ पद्धतीतली बैठक अर्ध्या ते एक तासाची असते. तेवढं तुम्ही दोन-तीन दिवसांत मिळून करा, पण पुढच्या महिन्यावर ढकलू नका. पहिल्या दिवशी एकच जण समोर असावा. सगळं घर गोळा झालं की बाबा घरासाठी बोलतील, स्वतःचं बोलणार नाहीत.

मोबाइल फ्लाइट मोडवर टाका आणि त्यांच्या तोंडापासून हातभर अंतरावर, उशीजवळ घडी घातलेल्या टॉवेलवर ठेवा. डोक्यावरचा पंखा बंद करा, उकडत असेल तर पंखा पायथ्याशी लावा. कुकर त्या वेळेत लावू नका. दोन मिनिटं बोलून, ऐकून बघा आणि मग सुरू करा.

प्रश्न असे काहीसे : तुमच्या आयुष्यातला सगळ्यात भरभरून जगलेला काळ कुठला? शाळेतलं कुठलं काम केल्याचा अभिमान वाटतो? आम्हा मुलांना तुमच्याबद्दल काय माहीत नाही, जे माहीत असावं असं वाटतं? कुणाला काही सांगायचं राहिलंय का? नातवंडांनी काय धरून ठेवावं? एवढे पाचही एका बैठकीला जास्त होतात. शिक्षक माणूस असल्याने ते व्याख्यानात शिरतील : ‘माणसाने नेहमी प्रामाणिक राहावं.’ अशा वेळी उपदेशावरून प्रसंगावर आणा. ‘असं कधी वाटलं होतं बाबा? कुठल्या वर्गात?’ मग त्या वर्गातल्या मुलाचं नाव येतं, बाकाचा नंबर येतो, आणि आवाज बदलतो.

दोन चुका नेहमी होतात. एक, तारखा दुरुस्त करणं. त्यांनी ७२चा दुष्काळ ७५ साली सांगितला तर सांगू द्या, नंतर बघू. दुसरी, रडू आलं की रेकॉर्डिंग थांबवणं. ‘थांबूया का?’ असं विचारा, बहुतेक जण नको म्हणतात.

उतरवताना ‘अं’, ‘ते काय ते’ गाळा, पण त्यांची भाषा पुस्तकी करू नका, कोल्हापुरी असेल तर कोल्हापुरीच ठेवा. वीस मिनिटांचं बोलणं उतरवायला दोन-अडीच तास धरा. बोलण्यात एखाद्या भावकीतल्या माणसाबद्दल किंवा वाटणीबद्दल कडवट काही आलं असेल तर तुमच्या मनाने ते कापूही नका आणि ठेवूही नका. ‘हे लेखी राहू द्यायचं का?’ असं त्यांनाच विचारा. मग तीन-चार दिवसांच्या आत सगळं त्यांना वाचून दाखवा. ही पायरी गाळू नका. ‘माझा काय उपयोग’ म्हणणारा माणूस स्वतःचं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो ते याच वेळी. वाचताना ते लाल पेन मागतील, शिक्षकच ते. द्या.

प्रश्न : देव न मानता आयुष्याला अर्थ असू शकतो का? – विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर

असू शकतो. आणि देव मानूनही तो हरवू शकतो, हे आमच्याकडे येणाऱ्या अनेक श्रद्धाळू माणसांकडून कळतं. नाझी छळछावण्यांतून वाचलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल यांनी अर्थाच्या तीन वाटा सांगितल्या होत्या : आपण जगाला काही देतो ती, जगाकडून आपल्याला काही मिळतं ती (माणूस, निसर्ग, कला), आणि टाळता न येणाऱ्या दुःखाला आपण कसे सामोरे जातो ती. तिन्ही वाटांवर आस्तिक-नास्तिक दोघेही चालू शकतात. धर्म आणखी दोन गोष्टी तयार हातात देतो, नेम आणि माणसं. एकादशी, वारी, भजनी मंडळ यांतून त्या आपोआप मिळतात. देव न मानणाऱ्याला त्या स्वतः उभ्या कराव्या लागतात, आणि तिथे आळस नडतो.

प्रश्न : इंटरनेटवर ‘मीनिंग इन लाइफ’ नावाची दहा वाक्यांची चाचणी दिली. ‘अर्थ आहे’ याचे १८ आणि ‘शोध’ याचे ३१ गुण आले. शोध इतका जास्त म्हणजे माझ्यात काही बिघाड आहे का? – शिक्षिका, बेळगाव

बिघाड नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली ही चाचणी. पाच वाक्यं अर्थ जाणवतो का याची, पाच तो शोधताय का याची, प्रत्येकाला १ ते ७ गुण. त्यामुळे दोन्ही बेरजा ५ ते ३५ यांच्या मधे येतात. त्या दोन बेरजा एकमेकींच्या विरुद्ध नाहीत. दोन्ही जास्त असलेली माणसं असतात, ती समाधानी असूनही चौकस असतात. दोन्ही कमी असलेलीही असतात, त्यांना हा प्रश्नच पडत नाही. अर्थ कमी आणि शोध जास्त, ही जोडी बहुधा अस्वस्थ काळात दिसते : बदली, मुलं घराबाहेर पडणं, जवळच्याचा मृत्यू. यातलं काही गेल्या वर्षभरात घडलंय का ते आठवा, आणि दोन-तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा द्या.

त्याआधी बेरीज तपासा. नववं वाक्य उलटं आहे, आयुष्याला स्पष्ट उद्देश नाही अशा आशयाचं. त्याला दिलेले गुण आठातून वजा करून मोजायचे असतात : २ दिले असतील तर ६ धरायचे. बेरीज हाताने केली असेल आणि ही वजाबाकी राहिली असेल, तर तुमचे १८ प्रत्यक्षात २२ असू शकतात.